पाचोऱ्याला गाडी बदलावी लागते

अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी संस्थेच्या सभासद याद्या मी सांभाळतो. पगारी काम नाही, ओळखीतलं आहे. गेल्या हंगामात सभासदांकडून सातबारा आणि पासबुकाची झेरॉक्स गोळा करायची होती. सभासद चारशेच्या आसपास, त्यातल्या शंभर-सव्वाशे जणांची कागदपत्रं येऊन पडली होती. ऑफिसातल्या नानांनी एक्सेलमध्ये त्यांचे सभासद क्रमांक टाकले, ती यादी मला पाठवली आणि म्हणाले, एवढे सोडून बाकीच्यांना मेसेज टाका. मी लिनक्सच्या टर्मिनलवर ग्रेपला, म्हणजे यादीतल्या ओळी शोधणाऱ्या किंवा वगळणाऱ्या कमांडला, सांगितलं की ही मोठी यादी, ही वगळायची यादी, उरतील ते दे. कमांड निमूट चालली. मेसेज गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारवडचे एक आबा पिशवी घेऊन ऑफिसात हजर. "भाऊ, मी तं कागद दिधात ना. आते परत कसाले?" त्यांच्या मागोमाग पातोंड्याचे दोघे. मग फोन सुरू झाले ते दुपारपर्यंत. एकही माणूस वगळला गेला नव्हता. सगळ्याच्या सगळ्या चारशे जणांना 'कागदपत्रे आणून द्या' गेलं होतं.

नानांचे क्रमांक बरोबर होते, माझी कमांडही बरोबर होती. मोठी यादी लिनक्सवरच्या डेटाबेसमधून निघालेली, तिच्यात प्रत्येक ओळ एका चिन्हाने संपते. नानांची यादी विंडोजवर तयार झालेली, तिच्यात ओळ दोन चिन्हांनी संपते. लिनक्सवरच्या ग्रेपला त्यातलं दुसरं चिन्ह ओळीचा शेवट म्हणून कळतं आणि पहिलं मजकूर वाटतं. त्यामुळे नानांनी लिहिलेला चार आकडी क्रमांक ग्रेपच्या लेखी पाच चिन्हांचा झाला. तसली पाच चिन्हं मोठ्या यादीत कुठेच नव्हती. काहीच जुळलं नाही, म्हणून काहीच वगळलं गेलं नाही. 'वगळ' म्हणणाऱ्या कमांडचं हे विशेष धोकादायक आहे. 'शोध' म्हटलं असतं तर रिकामं उत्तर आलं असतं आणि मी डोकं खाजवलं असतं. 'वगळ' म्हटल्यावर भरभरून उत्तर आलं आणि मी खूश झालो.

दोष शोधायलाही आपल्याला जादा त्रास आहे. न दिसणारी चिन्हं दाखवायला कॅट या कमांडला मोठा ए हा पर्याय देतात. मग ओळ जिथे संपते तिथे डॉलरचं चिन्ह दिसतं आणि विंडोजचं जादा चिन्ह असेल तर त्या डॉलरच्या आधी टोपी घातलेला एम. इंग्रजी यादीत हे पटकन डोळ्यात भरतं. मराठी नावांच्या यादीत मात्र हीच कमांड देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे तीन बाइट वेगवेगळे करून त्यांचा चिवडा करते, आणि देवनागरीतलं प्रत्येक व्यंजन त्या चिवड्यात निदान एक डॉलर घेऊनच येतं. युनिकोडमध्ये आपल्या व्यंजनांचा दुसरा बाइट नेमका असा पडला आहे की तो या पद्धतीत डॉलर होऊनच छापला जातो. म्हणजे ओळीचा शेवट दाखवणारी खूण 'पाटील' या नावात, काना धरून, पोटातच चारदा येते. मी ते चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

अशी प्रकरणं झाली की आमच्या संगणक क्षेत्रातले लोक दोन उत्तरं देतात. एक म्हणजे विंडोजला शिव्या. दुसरं जरा सभ्य: टूल्सनी ते जादा चिन्ह गुपचूप गिळून टाकावं, माणसाला कळूसुद्धा देऊ नये. मला दोन्ही पटत नाहीत, आणि दुसरं तर पहिल्यापेक्षा घातक वाटतं.

शिव्यांचं आधी उरकतो. कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसणारे ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल, ओळ संपत आली की टिंग वाजायचं आणि टायपिस्ट डाव्या हाताने लिव्हर सरकवायचा. त्या एका हिसक्यात दोन कामं व्हायची, कागद एक ओळ वर चढायचा आणि कॅरेज पुन्हा सुरुवातीला यायचं. टेलिप्रिंटरमध्ये, म्हणजे तारेने आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्रात, माणसाचा हात गेला आणि ही दोन कामं दोन वेगळे हुकूम झाली. १९६३ च्या आस्की संकेतावलीत, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीत, कॅरेज रिटर्नला १३ आणि लाइन फीडला १० हा क्रमांक आहे. टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. उजव्या टोकाहून परत यायला मात्र त्याला एक दशांश सेकंदाहून जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी 'परत ये' आणि मग 'कागद सरकव' असं पाठवायचे. कागद सरकेपर्यंत यंत्र परत पोचलेलं असायचं. पाठोपाठ दोन चिन्हं पाठवण्यामागे असा रोकडा हिशेब होता.

पुढे मल्टिक्स ही संगणक प्रणाली आणि तिच्यामागून युनिक्स, म्हणजे लिनक्सची पूर्वज, यांनी ठरवलं की फाइलमध्ये एकच चिन्ह, लाइन फीड, पुरे. यंत्राला दुसरं लागलं तर ते पाठवताना घालू. सीपीएम या दुसऱ्या प्रणालीने दोन्ही ठेवली, तिथून ती १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये आणि मग विंडोजमध्ये आली. अ‍ॅपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉशने फक्त कॅरेज रिटर्न घेतलं आणि २००१ मध्ये ओएस टेन आल्यावर तेही युनिक्सच्या रांगेत बसले. तीन घरच्या तीन चाली. विंडोजची चाल अडाणीपणाची म्हणावी तर ईमेलचा आणि वेबचा जुना पाया असलेले नियम आजही ओळ दोन्ही चिन्हांनी संपवतात. स्वल्पविरामाने तोडलेल्या फाइलींचं, म्हणजे सीएसव्हीचं, २००५ मध्ये जे वर्णन लिहिलं गेलं त्यातही दोन्ही चिन्हं आहेत. विंडोजला हसणारा लिनक्सचा मेल सर्व्हर दिवसभर दुसऱ्या सर्व्हरशी याच दोन चिन्हांत बोलत असतो.

मग खोट कुठे आहे? माझ्या मते खोट ही की ओळीचा शेवट कसा ओळखायचा हे फार काळ यंत्र बघून ठरवलं गेलं, फाइल बघून नाही. सी भाषेत फाइल उघडण्याच्या दोन रीती आहेत, मजकूर म्हणून आणि जशीच्या तशी. विंडोजवर मजकूर म्हणून उघडली की वाचताना कॅरेज रिटर्न गळतो आणि लिहिताना आपोआप लागतो. युनिक्सवर या दोन रीतींत काही फरकच नाही. म्हणजे तोच प्रोग्राम, तीच फाइल, आणि उत्तर कोणत्या यंत्रावर बसलात त्यावर. ग्नू ग्रेपची, म्हणजे लिनक्सवर असते त्याच ग्रेपची, विंडोजवरची जुनी चाल अशीच होती. ती फाइल चाचपून अंदाज बांधायची आणि मजकुराची वाटली तर कॅरेज रिटर्न काढून टाकायची. माझी ती कमांड नानांच्या विंडोजवर अशा ग्रेपने चालवली असती तर कदाचित आबांची चक्कर वाचली असती. हे मला दिलासा देणारं वाटत नाही. जी कमांड एका गावात शंभर माणसं वगळते आणि दुसऱ्या गावात एकही नाही, तिच्या भरवशावर मी काय काम करायचं?

यंत्र बघून ठरवण्याचा हा निकष एके काळी चालून जायचा, कारण फाइल जिथे जन्मायची तिथेच राहायची. आता नानांची यादी कशी आली पाहा: विंडोजचा डेस्कटॉप, तिथून व्हॉट्सअ‍ॅप, तिथून माझा फोन, तिथून लिनक्सचा लॅपटॉप. २०१६ पासून तर विंडोजच्याच पोटात लिनक्स चालतं आणि एकाच फोल्डरला दोन्हीकडून हात लागतो. तिथे 'हे यंत्र कोणतं' या प्रश्नालाच अर्थ उरलेला नाही.

आमच्या जिल्ह्यात पाचोरा ते जामनेर नॅरोगेजची गाडी होती. सगळे तिला 'पीजे' म्हणायचे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली ती थांबलीच, आता तिथे ब्रॉडगेजच्या गोष्टी चालल्या आहेत. मुंबई-भुसावळ ही मोठी लाइन, पीजे ही छोटी, आणि दोघींची गाठ पाचोऱ्याला. जामनेरला जाणारा माणूस पाचोऱ्याला उतरायचा, बोचकं डोक्यावर घ्यायचा आणि छोट्या गाडीत चढायचा. शतकभर दोन रुंदीचे रूळ एका स्टेशनात सुखाने नांदले, कारण गाडी कुठे बदलायची हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. चाकांनी रूळ चाचपून आपोआप आखडून घ्यावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. आणि जळगावला एकदा, म्हसावदला एकदा, वाटेत कुठेही थोडं थोडं बदलून घ्या असंही नव्हतं.

मजकुराच्या फाइलींना नेमकं असंच पाचोरा हवं. बाहेरची फाइल आत येते तिथे, एकदाच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बदल व्हावा. आतल्या टूल्सनी मग अंदाज बांधत बसू नये.

यावर येणारा आक्षेप मी स्वतःच बरेच दिवस करत होतो. जगात ओळीच्या शेवटी येणारा कॅरेज रिटर्न हा बहुतेक वेळा कचराच असतो, मग प्रत्येक टूलने तो गिळला तर बिघडलं कुठे? इंटरनेटच्या पहिल्या पिढीने तर हे तत्त्वच मानलं होतं: देताना काटेकोर राहा, घेताना उदार व्हा.

बिघडतं ते असं. नानांच्या दुसऱ्या एका यादीत पत्त्याचा रकाना आहे. पत्ता लांब झाला की नाना एक्सेलच्या त्याच चौकटीत ऑल्ट आणि एंटर दाबून खालच्या ओळीत लिहितात, 'मु. पो.' वर आणि तालुका खाली. एक्सेल चौकटीतली ही मोड फक्त लाइन फीडने करतं आणि माणसाची नोंद संपते तिथे दोन्ही चिन्हं टाकतं. म्हणजे त्या फाइलीत कॅरेज रिटर्न हा कचरा नाहीच. एक माणूस कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो हे तोच सांगतो. ग्नू ऑकला, म्हणजे यादीच्या नोंदी आणि रकाने तोडणाऱ्या कमांडला, 'दोन्ही चिन्हं मिळून एक नोंद' असं सांगितलं की यादी बिनचूक तुटते. कुठल्याशा कनवाळू टूलने आधीच कॅरेज रिटर्न गिळला असेल तर दोन्ही मोडी सारख्या दिसू लागतात, पत्ता लांब असलेल्या प्रत्येक माणसाचे दोन तुकडे होतात, आणि 'ता. अमळनेर' नावाचे डझनभर नवे सभासद जन्माला येतात.

याहून मोठं उदाहरण ईमेलचं. ईमेल पाठवताना मजकूर संपला हे सांगायला एका ओळीवर फक्त टिंब द्यायचं असतं आणि त्या ओळीच्या मागेपुढे दोन्ही चिन्हं हवीत असा नियम आहे. काही सर्व्हर उदार होते, नुसत्या लाइन फीडच्या मधलं टिंबही ते शेवट म्हणून मान्य करायचे. काही सर्व्हर काटेकोर होते, ते तसलं टिंब मजकूर समजून पुढे पाठवायचे. डिसेंबर २०२३ मध्ये संशोधकांनी उघड केलं की अशा दोघांची जोडी जमली की एका पत्राच्या पोटातून दुसरं, भलत्याच माणसाच्या नावाचं पत्र सोडता येतं, आणि ते पाठवणाऱ्याच्या खरेपणाच्या काही तपासण्यांतूनही पार होतं. पोस्टफिक्ससारख्या मुरलेल्या मेल सर्व्हरलाही त्यासाठी दुरुस्त्या काढाव्या लागल्या. एकाच ओळीचा शेवट दोघांनी दोन ठिकाणी मानला की मधल्या फटीतून चोर शिरतो. उदारपणा एकट्याचा असेपर्यंत गोड असतो.

तरी नवशिक्याचं काय, हा प्रश्न खरा आहे. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात विंडोजवर शिकलेली पोरं पुण्यात पहिली नोकरी धरतात आणि पहिल्याच आठवड्यात विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सच्या सर्व्हरवर चढवतात. सर्व्हर म्हणतो, अशी फाइलच नाही. फाइल तर समोर दिसते आहे. खरी गोष्ट अशी की स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'मला बॅशकडून (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडून) चालवून घ्या' असं लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटलेला असतो, आणि लिनक्स 'बॅश अधिक एक अदृश्य चिन्ह' या नावाचा प्रोग्राम शोधत बसतं. तसा प्रोग्राम खरंच नसतो. संदेश खोटा नाही, फक्त निरुपयोगी आहे. टर्मिनलवर तर याहून गंमत. गावाचं नाव आणि पुढे भाव छापायला जावं, तर नावाला चिकटलेला कॅरेज रिटर्न कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतो आणि भाव गावाच्या डोक्यावर जाऊन बसतो. 'चोपडा' गायब, नुसता आकडा आणि मागे उरलेलं अर्धं अक्षर. टाइपरायटरचं ते जुनं कॅरेज इथे अजून जिवंत आहे.

या पोरांसाठी गिळून टाकण्यापेक्षा बोलून दाखवणं जास्त उपकाराचं. बॅशच्या अलीकडच्या आवृत्त्या तक्रार करताना त्या अदृश्य चिन्हाचं नाव छापतात. पूर्वी ते टर्मिनलवर विरघळून जायचं आणि अर्धवट वाक्य उरायचं. एवढ्याशा बदलाने कितीतरी जणांची रात्र वाचली असेल. माझं मागणं एवढंच की ग्रेपसारख्या टूलला वगळण्याची यादी दिली आणि तिच्यातली प्रत्येक ओळ कॅरेज रिटर्नने संपत असेल, तर त्याने चुकांच्या वाटेने, उत्तरात न मिसळता, एक ओळ टाकावी: तुमच्या यादीला विंडोजचं शेपूट आहे, तुम्हाला हेच हवं आहे ना? उत्तर बदलू नको, फाइलला हात लावू नको, फक्त बोल.

जुनी मंडळी म्हणतील, युनिक्सची टूल्स मितभाषी असतात, बडबड वाढली की कुणी वाचत नाही. प्रोग्रामच्या फाइलींतले बदल सांभाळणाऱ्या गिटचा दाखला ते देतील आणि तो रास्त आहे. गिट कधीपासून सांगतं आहे की अमुक फाइलीतली चिन्हं बदलली जातील, आणि आपण सगळे ते न वाचता पुढे जातो. पण गिटकडे नीट पाहिलं तर तिथेही दोन व्यवस्था आहेत. एक सेटिंग प्रत्येकाच्या यंत्रावर असतं, ते माझं वेगळं, सहकाऱ्याचं वेगळं, आणि भांडणं त्याचीच होतात. कुणी एक शब्द बदलतो आणि फरकात दोन हजार ओळी लाल-हिरव्या होतात. दुसरी व्यवस्था प्रकल्पाबरोबर फिरणाऱ्या छोट्या फाइलीची, तिच्यात एकदा लिहून ठेवायचं की आमच्याकडे ओळ अशी संपते. ज्या टीमने ती फाइल ठेवली त्यांचा तंटा मिटलेला मी पाहिला आहे. यंत्राच्या मागे न लागता फाइलीच्या बरोबर जाणारी नोंद, एवढाच फरक.

आणि ज्याला आम्ही वर्षानुवर्षं हसलो त्या नोटपॅडने हे २०१८ मध्ये करून दाखवलं. त्याआधी लिनक्सची फाइल नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एका ओळीत लोळायचा. आता तो फाइलीत काय आहे ते बघतो, तसंच जपून पुन्हा लिहितो आणि खाली पट्टीवर सांगतो की ही युनिक्सची आहे की विंडोजची. बघणं, जपणं, सांगणं. कमांड लाइनच्या दिग्गजांपैकी कितीजण ही तिन्ही कामं करतात?

मराठी माणसाला हा धडा नवा नसावा. श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फाँटांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या काळात एका ऑफिसचा मजकूर दुसऱ्या ऑफिसात उघडला की कागदभर किडे दिसायचे. त्रास इतका उघडा होता की सगळ्यांना युनिकोडकडे यावंच लागलं. ओळीच्या शेपटाचा त्रास डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला वाली नाही. शिवाय युनिकोडसोबत आपल्याकडे डोक्याकडचंही एक चिन्ह आलं: मराठी नीट दिसावी म्हणून एक्सेल फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट लावतं, आणि पहिल्या ओळीतला पहिला शब्द त्यामुळे कशाशीच जुळत नाही. आपल्या मराठी यादीला टोपी आणि शेपूट दोन्ही.

म्हणून हा नुसता प्रोग्रामरांचा प्रश्न राहत नाही. बाजार समितीचे भाव, मंडळनिहाय पाऊस, लाभार्थ्यांच्या याद्या, मतदान केंद्रं, सगळं आता फाइलींनी इकडून तिकडे जातं, आणि त्यातल्या 'वगळा' आणि 'जुळवा' या पायऱ्या कुणीतरी कुठेतरी अशाच कमांडने करतो. यादी देणाऱ्या कार्यालयाने यादीसोबत एक ओळ लिहावी: संकेतावली कोणती, सुरुवातीचे बाइट आहेत की नाहीत, ओळ कशाने संपते, पहिली ओळ मथळ्याची आहे का. सॉफ्टवेअर बनवून घेण्याच्या निविदेतही ती असावी. आपण निविदेत विटांची मापं आणि सिमेंटचं प्रमाण लिहितोच. ही ओळ लिहायला खर्च शून्य येतो, आणि ती नसली की खर्च कुणाचा होतो ते मी पाहिलं: मारवडहून एस.टी.ने आलेल्या आबांचा.

संस्थेत मी आता 'पाचोरा' नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे. बाहेरून आलेली प्रत्येक यादी आधी तिच्यातून जाते. ती टोपी आणि शेपूट मोजते, पत्त्याच्या चौकटीतल्या मोडींना धक्का न लावता काढते, मूळ फाइल बाजूला तशीच ठेवते आणि काय केलं ते पडद्यावर मराठीत लिहिते. नानांकडे परत जाणाऱ्या यादीला टोपी आणि शेपूट दोन्ही पुन्हा लावून देते, कारण त्यांच्या एक्सेलला तसंच लागतं आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पहिल्यांदा चालवली तेव्हा नाना मागे उभे होते. पडद्यावर आलं: '१२१ ओळींच्या शेवटी सीआर सापडला, काढला.' सीआर म्हणजे इथे कॅरेज रिटर्न. पण नाना तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. सीआर म्हणजे गोपनीय अहवाल, हा अर्थ त्यांच्या हाडात भिनलेला. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, "साहेबांना न विचारता काढला?"